कोकणातल्या जुन्या घराची दारं: चौकट ठेवावी की काढावी?

परसबाग | १२ जानेवारी

नमस्कार मंडळी,

संगमेश्वर तालुक्यातलं आमचं घर पणजोबांनी बांधलेलं. जांभ्याचे चिरे मातीत रचलेले, वर चुन्याचा गिलावा, मंगलोरी कौलं. आई-बाबा मिरगाच्या आधी तिथे कायमचे राहायला जाणार, म्हणून दुरुस्ती काढली आहे. छप्पर झालं, वायरिंग झालं. आता दारांपाशी गाडी अडली आहे.

ओटीवरचं पुढचं दार दोन झडपांचं, वर कोरीव गणेशपट्टी. झडपा ठणठणीत आहेत, पण चौकटीचे दोन्ही खांब खालून काळे पडलेत आणि उंबऱ्याशी लाकूड भुसभुशीत लागतं. माजघराचं दार पावसाळ्यात उघडत नाही आणि मे महिन्यात नीट लागत नाही. न्हाणीघराचं दार तर संपल्यात जमा, खाली पत्रा मारून चालवलंय.

ठेकेदाराचं म्हणणं, सगळं उखडून टाका, ग्रॅनाइटच्या चौकटी आणि तयार फ्लश डोअर (सपाट प्लायवूडची दारं) बसवू, आठवड्यात मोकळे. भावही बरा सांगतोय. पण त्या गणेशपट्टीत आईचा जीव आहे, आणि माझाही.

चौकट वाचते का? नवी घालायची तर कशाची? आणि गिलावा सगळीकडे फुगलेला आणि वाकडा असताना चौकटीभोवतीची पट्टी बसवायची कशी? फोटो खाली टाकलेत.

---

ओळंबा | १२ जानेवारी

मी सावंतवाडीकडचा. सुतारकाम घरातलंच.

कोणाला काही उखडू देऊ नका. जाड स्क्रूड्रायव्हर किंवा पटाशी घ्या आणि चौकटीचा खांब जमिनीपासून वर इंचाइंचाला टोचत जा. कुजलेल्या लाकडात टोक सहज घुसतं, चांगल्या सागात अडकतं आणि हाताला कळतं. जिथे अडकलं तिथे खडूने खूण करा. पुढून, बाजूने आणि भिंतीकडच्या कडेने, तिन्हीकडून बघा. भिंतीकडची कड नेहमी जास्त गेलेली असते, कारण ओल तिथून येते. मग हातोडीच्या दांड्याने वाजवून पाहा. भरीव लाकडाचा आवाज वेगळा, आतून वाळवीने पोखरलेल्याचा बद्द.

खुणा एक-दीड फुटाच्या खाली असतील तर चौकट काढायची गरज नाही, खालचा तुकडा बदलता येतो. फोटोवरून तरी मला तसंच वाटतंय.

माजघराच्या दाराचं दुखणं निराळं आहे. त्याच्या झडपेची वरची आणि खालची कड आरशात धरून पाहा. तिथे रंग किंवा तेल लागलेलं आहे का ते सांगा.

---

चौसोपी | १३ जानेवारी

ओळंबा यांच्याशी सहमत. मी जुन्या इमारतींच्या दुरुस्तीची कामं करते, त्यामुळे एक गोष्ट ठासून सांगते. मातीत बांधलेल्या चिऱ्यांच्या भिंतीत दारावर काँक्रीटची लिंटेल, म्हणजे भार पेलणारी आडवी पट्टी, नसते. वरचा भार एखाद्या लाकडी तुळईवर असतो, आणि बरेचदा त्या तुळईला चौकटीनेच आधार दिलेला असतो. ठेकेदाराने पहार घालून चौकट ओढली की वरचे दोन-तीन थर खाली आलेच म्हणून समजा.

गिलाव्याचा एक पट्टा खरवडून दारावर काय आहे ते आधी बघा. तुळई दोन्हीकडे भिंतीत किमान ६-८ इंच शिरलेली असेल आणि मधून झोळ नसेल, तर चौकट सुटी आहे असं धरता येईल. दाराच्या कोपऱ्यातून वर तिरकी भेग गेली असेल तर मात्र थांबा आणि जाणकार माणसाला जागेवर आणा. खांबाचा तुकडा बदलायचा असला तरी टेकू आधी. भिंतीतून वरच्या अंगाला मजबूत बल्ली आरपार घालायची, दोन्ही बाजूंनी उभे टेकू पाचर मारून घट्ट करायचे, आणि मगच करवत लावायची. दोन्ही खांब एकदम कधीच कापायचे नाहीत.

दुसरं, चौकटीभोवती मोकळी झालेली फट सिमेंटने भरू देऊ नका. चुना श्वास घेतो, ओल बाहेर सोडतो. त्याला सिमेंटचं ठिगळ लावलं की ओल तिथे अडते आणि सगळ्यात जवळच्या लाकडात जाते. चुना-वाळू किंवा चुना-सुरखीनेच (सुरखी म्हणजे विटांची भुकटी) भरा. कोकणात चुन्याचं काम करणारे गवंडी कमी झालेत खरे, पण विचारत गेलं की मिळतात.

---

तुळसकट्टा | १३ जानेवारी

परसबाग, आईबाबा कायमचे राहायला जाणार म्हणतेस, तर उंबऱ्याचाही विचार कर गं. आमच्याकडे पुढच्या दाराचा उंबरा ठेवला, रोज हळदकुंकू लागतं त्याला, तो काढायचा विचारही कोणी केला नाही. पण आतल्या सगळ्या दारांना तीन बाजूंच्याच चौकटी घातल्या. सासूबाई वॉकर घेऊन घरभर फिरतात, कुठे अडखळत नाहीत. न्हाणीघराचं दार तीन फुटी कर आणि बाहेर उघडणारं कर. आत कोणी पडलं तर आत उघडणारं दार माणसाच्या अंगावरच अडकतं, बाहेरून ढकलून उपयोग होत नाही. कडीही बाहेरून उघडता येईल अशी बघ.

---

परसबाग | १९ जानेवारी

सगळ्यांचे मनापासून आभार. घरी जाऊन आले.

डावा खांब ९ इंचांपर्यंत गेलाय, उजवा १३. त्यावर पटाशी शिरतच नाही. तुळई आहे, ऐनाची असावी असं गावातल्या काकांचं मत, दोन्हीकडे चांगली आत शिरलेली. भेग नाही.

माजघराच्या दाराच्या वरच्या कडेला काहीच लावलेलं नाही, कोरं लाकूड. खालच्या कडेला आरशाने पाहिलं, तिथेही कोरं. समोरून मात्र ऑइलपेंटचे थरावर थर आहेत.

तुळसकट्टा काकू, बाहेर उघडणाऱ्या दाराचं सुचलंच नव्हतं. तसंच करणार.

---

ओळंबा | १९ जानेवारी

माजघराच्या दाराचा रोग सापडला. लाकूड पाणी पितं ते मुख्यतः कापलेल्या टोकांकडून, नळ्या तिथे उघड्या असतात. समोरून कितीही रंग चढवा, वरची-खालची कड कोरी राहिली की पावसाळ्यात हवेतली ओल तिथून आत जाते आणि दार रुंदीत फुगतं. लांबीत जवळजवळ फुगत नाही, म्हणून अडकतं ते बाजूला. आणि मग लोक काय करतात, श्रावणात रंधा मारतात. उन्हाळ्यात लाकूड सुकलं की तीच बाजू बोटभर उघडी पडते. तुमचं मे महिन्यात लागत नाही त्याचं कारण हेच असणार.

आता हात लावू नका. शिमग्यानंतर लाकूड पुरतं सुकलं की झडप बिजागऱ्यांवरून उतरवा, वर-खाली दोन्ही कडांना उकळलेल्या जवसाच्या तेलाचे दोन-तीन हात किंवा प्रायमर आणि रंग द्या, आणि मग जी बाजू कमी पडते तिथे सागाची पट्टी चिकटवून ती रंध्याने जुळवून घ्या. फट दोन्ही बाजूंना ३ मिलिमीटर ठेवा, खाली ६ ते ८. फरशी बदलणार असाल तर फरशी आधी, झडप नंतर. दोन इंच थर चढल्यावर दार खालून कापायला लावणारे मी पुष्कळ पाहिलेत, आणि ती कापलेली कड पुन्हा कोरीच राहते.

पुढच्या दाराच्या खांबाचं असं करा. कुजलेल्या भागाच्या वर निदान तीन इंच चांगल्या लाकडात जाऊन कापायचं. आडवं सरळ नाही, तिरकं. सांध्याची लांबी खांबाच्या जाडीच्या दुप्पट-तिप्पट असली की दम येतो. उतार बाहेरच्या बाजूला ठेवायचा, म्हणजे भिंतीवरून आलेलं पाणी सांध्यात न थांबता बाहेर घसरेल. नवा तुकडा जुन्या, पिकलेल्या सागाचाच हवा. कच्चं लाकूड लावलंत तर ते वर्षभरात आकसेल आणि सांधा उघडा पडेल. इपॉक्सी लावायचं, दोन बोल्ट आरपार, डोकी आत बुडवून वर लाकडाची गुल्ली. नीट रंधून घेतलं की लांबून सांधा दिसत नाही.

सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे नवा पाय मातीत किंवा सिमेंटमध्ये पुरायचा नाही. त्याच्याखाली घडीव काळा दगड ठेवायचा, तो जमिनीपासून इंचभर तरी वर. खांबाच्या तळाला डांबर. पणजोबांचे खांब कुजले ते लाकूड वाईट म्हणून नाही. मागाहून कोणीतरी ओटीवर कोबा करून जमीन वर आणली आणि खांबाचे पाय त्यात गाडले गेले. फोटोत कोब्याची कड सरळ दिसतेय.

---

परसबाग | १९ जानेवारी

अगदी बरोबर! कोबा नंतरचा आहे. बाबा सांगतात, ते शाळेत असताना केलेला.

---

न्यूजर्सीकर | २० जानेवारी

वाचतोय, फार आवडतोय धागा. आमच्याकडचं घर १९५० च्या दशकातलं, लाकडी सांगाड्याचं. इथे दार चौकटीत बसवलेलंच विकत मिळतं, बिजागऱ्यांसकट. भिंतीतलं भोक दारापेक्षा साधारण दोन इंच मोठं ठेवतात, चौकट त्यात उभी करतात आणि ओळंब्यात येईपर्यंत बाजूंनी पातळ पाचरी सरकवत राहतात. उरलेली फट वरून पट्टीने झाकायची. आधी बिजागऱ्यांची बाजू ओळंब्यात घ्यायची, बाकीचं तिच्यावरून जुळवायचं. ही पद्धत वाकड्या भिंतीत तिथेही उपयोगी पडेल असं वाटतं.

लिहायला आलो ते दुसऱ्याच कारणाने. जुन्या ऑइलपेंटचे थर म्हणालात. इथे १९७८ च्या आधीच्या घरात जुना रंग खरवडायचा म्हटलं की शिसं आहे असंच धरून चालतात, धूळ होऊ देत नाहीत. भारतातही जुन्या रंगात शिसं असायचं ना?

---

चौसोपी | २० जानेवारी

असायचं, आणि तिकडच्यापेक्षा खूप अलीकडेपर्यंत. घरगुती रंगांत शिशाचं प्रमाण ९० पीपीएमच्या (दहा लाख भागांत ९० भाग) वर नको, हा नियम आपल्याकडे २०१६ साली आला आणि नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाला. म्हणजे परसबागच्या दारांवरचा प्रत्येक जुना थर संशयित.

कोरड्या सँडपेपरने घासू नका, मशीनने तर नकोच. झडप उतरवून अंगणात न्या, खाली प्लास्टिक अंथरा, पाणी मारून ओलं ठेवत पत्र्याने खरवडा. तोंडाला चांगला मास्क हवा, साधा रुमाल चालणार नाही. गॅसच्या ज्योतीने रंग भाजून काढायची पद्धत आहे, तीही नको, शिशाचा धूर होतो. खरवड गोळा करून पिशवीत बंद करा. आळ्यात किंवा विहिरीजवळ पडू देऊ नका. लहान मुलं आणि गरोदर बाई त्या दिवशी घरात नसलेली बरी.

---

ओळंबा | २१ जानेवारी

न्यूजर्सीकर, पाचरीचं आम्हीही तेच करतो. फरक इतकाच की आपल्याकडे चौकट होल्डफास्टने (भिंतीत रोवायच्या लोखंडी पट्टीने) भिंतीत धरलेली असते, दोन्ही बाजूंना तीन-तीन. मातीच्या भिंतीत होल्डफास्ट नुसता ठोकला तर वर्षात हलतो. न्हाणीघराला नवी चौकट घालताना त्या उंचीवरचा चिरा काढून तिथे १:३:६ काँक्रीटचा (सिमेंट, वाळू, खडी) छोटा ठोकळा भरायचा आणि त्यात होल्डफास्ट बसवायचा. आजूबाजूला मात्र चुनाच, चौसोपी म्हणतात तसा.

मोजमाप घेताना रुंदी वर, मध्ये, खाली अशी तीनदा घ्या आणि जी सगळ्यात कमी ती धरा. मग दोन्ही कर्ण मोजा. तीन फूट बाय सात फूट चौकट गुण्यात, म्हणजे काटकोनात असेल तर दोन्ही कर्ण ७ फूट ७ इंच आणि वर थोडं भरतात. जुन्या घरात ते सारखे येणारच नाहीत. भोक वाकडं असू दे, चौकट ओळंब्यातच उभी करायची. ओळंब्यात नसलेलं दार आपोआप उघडतं नाहीतर आपोआप मिटतं, आणि एका बिजागरीवर ओझं जातं.

बिजागऱ्या सात फुटी दाराला तीन, जड झडपेला चार. समुद्राजवळचं घर असेल तर पितळ किंवा ३१६ प्रतीचं स्टेनलेस स्टील. साध्या ३०४ वर खाऱ्या हवेत तांबूस डाग येतात. स्क्रूला आधी बारीक भोक पाडा आणि आट्यांना मेण लावा. सागात कोरडा पितळी स्क्रू पिळला तर मान तुटते.

---

परसबाग | ३ फेब्रुवारी

लाकूड बघायला सुरुवात केली. एका वखारीत "बल्लारशा साग" म्हणून भाव सांगितला, दुसरीकडे आफ्रिकेतला साग जवळपास निम्म्यात. कळायचं कसं? आणि पट्टीचा प्रश्न राहिलाच.

---

ओळंबा | ४ फेब्रुवारी

नावावर जाऊ नका, लाकडाचं टोक बघा. चंद्रपूर-गडचिरोलीकडचा साग नावाजलेला आहेच, अयोध्येच्या मंदिराच्या दारांसाठीही २०२३ साली बल्लारपूरहून गेला. पण त्या नावाखाली काहीही खपवतात. कापलेल्या टोकाला वलयं दाट हवीत. कडेला पांढरट भाग दिसला तर तो गाभा नव्हे, वाळवी आणि भुंगा आधी तोच खातात. आफ्रिकेचा साग वाईट असं नाही, पण बराचसा लवकर तोडलेल्या लागवडीचा असतो, पांढरं जास्त निघतं. आतल्या दारांना निवडून घेतला तर चालतो.

हिशेब स्वतः करा. लांबी फुटांत, रुंदी आणि जाडी इंचांत, गुणाकाराला १४४ ने भागायचं, की घनफूट आले. न्हाणीघराची तीन बाजूंची चौकट, ५ बाय ३ इंची, एकूण साडेसतरा फूट लाकूड: १७.५ × ५ × ३ ÷ १४४, म्हणजे १.८ घनफुटांच्या आसपास. वखारवाला तीन सांगू लागला तर विचारा कुठले.

खरं तर न्हाणीघराला लाकूड घालूच नका. तिथे ठेकेदाराचं ऐका, ग्रॅनाइटची चौकट आणि पीव्हीसी किंवा डब्ल्यूपीसीचं (लाकडाचा भुसा आणि प्लास्टिक मिसळून केलेलं) दार. पाण्याशी भांडून लाकूड जिंकत नाही. आतल्या खोल्यांना फ्लश डोअर घेणार असाल तर आयएस २२०२ (फ्लश डोअरचं भारतीय मानक) चा शिक्का आणि उकळत्या पाण्याला टिकणारा डिंक लावलेला माल मागा. ओटीवर मात्र फ्लश डोअर नको, झडीच्या पावसात कडांनी सुटतं.

आता पट्टी. जुन्या भिंतीत हेच काम सगळ्यात निगुतीचं. सरळ पट्टी फुगलेल्या गिलाव्यावर धरली की कुठे टेकते, कुठे बोट जाईल एवढी फट राहते. लोक खिळे मारून ती दाबून बसवतात, मग पट्टी पिळते किंवा गिलावा फुटतो. तसं करू नका. पट्टी हवी त्याहून अर्धा इंच रुंद घ्या. ओळंब्यात धरून दोन खिळ्यांवर तात्पुरती टांगा. पेन्सिलीखाली लाकडाचा छोटा तुकडा धरा, जाडी सगळ्यात मोठ्या फटीएवढी. तो भिंतीला टेकवून वरपासून खालपर्यंत सरकवत न्या. भिंतीचा प्रत्येक फुगवटा पट्टीवर रेघेने उतरतो. पट्टी काढा, रेघेपर्यंत रंधा आणि कानस चालवा. मागच्या कडेला थोडा जास्त उतार द्या, म्हणजे पुढची धार भिंतीला चिकटून बसेल. पुन्हा लावाल तेव्हा कागदही शिरत नाही. उरलीसुरली रेघ लांबीने (पुटीने) भरा, सिलिकॉनने नको, त्यावर रंग धरत नाही.

चौकटीच्या आतल्या कडेपासून पट्टी ५ मिलिमीटर मागे ठेवा. दोन्ही कडा एका रेषेत आणायला गेलात तर जराशीही चूक डोळ्यांत खुपते.

कोपरे पंचेचाळीसचे कापू नका. शहरात एसीच्या खोलीत ठीक आहे. कोकणात पट्टी रुंदीत फुगते-आकसते आणि तो सांधा आतल्या टोकाला उघडतो. उभ्या पट्ट्या सरळ कापून त्यांच्यावर आडवी पट्टी ठेवा, दोन्हीकडे अर्धा इंच बाहेर काढून. तुमच्या गणेशपट्टीखाली ते जास्त शोभेलही. उभ्या पट्टीचं खालचं टोक फरशीला टेकवू नका, पुसण्याचं पाणी तिथूनच चढतं. आणि भिंतीत जाणाऱ्या प्रत्येक लाकडाला, पट्टीच्या पाठीलाही, बसवण्याआधी तेलाचा किंवा रंगाचा हात द्या. नंतर तिथे ब्रश पोचत नाही.

---

तुळसकट्टा | ४ फेब्रुवारी

पाठीला हात द्यायचं आमच्या गावचे मेस्त्रीही सांगायचे. ते काजूच्या टरफलाचं तेल लावत, त्याला वाळवी येत नाही. पण हातमोजे घातल्याशिवाय त्याला शिवू नका, कातडी सोलून निघते.

---

चौसोपी | ५ फेब्रुवारी

वाळवीचं आलंच आहे तर: दारं बसवायच्या आधी भिंत आणि जमीन जिथे मिळतात तिथे फूट-फूट अंतरावर भोकं पाडून औषध सोडून घ्या. चौकटीजवळ मातीच्या नळ्या दिसल्या तर फक्त झाडून टाकू नका, येतात कुठून ते शोधा. परसात विहीर असेल तर औषधवाल्याला आधी सांगा, तिच्या जवळपास ते सोडायचं नाही.

परसबाग, तुमच्या बागेतला साग तोडायचा विचार असेल तर आधी वनखात्याची परवानगी काढा. स्वतःच्या जमिनीतल्या झाडालाही लागते. शिवाय ताजा साग लगेच दाराला चालत नाही, सावलीत वाळायला इंचामागे वर्ष धरा.

---

परसबाग | २८ ऑगस्ट

उशिरा लिहितेय, पण लिहायचं ठरवलं होतंच.

खांबांचे पाय एप्रिलमध्ये बदलले. आधी ओटीवरचा कोबा दारापुढे दीड फूट फोडून काढला, खाली दगड बसवले. उंबरा जुनाच उलटवून घातला, खालची बाजू कोरी करकरीत निघाली. ठेकेदाराने फक्त न्हाणीघर केलं, सुतारकाम गावातल्या मेस्त्रींनी. गणेशपट्टीवरचा रंग ओला करून खरवडताना खाली लाल आणि हिरव्या रंगाचे जुने थर निघाले. ते तसेच ठेवलेत, वर नुसतं तेल.

माजघराचं दार या पावसाळ्यात एका हाताने उघडतंय. एका पट्टीचा सांधा केसभर हललाय, बाकी सगळं जागेवर आहे.

---

दुसरामजला | ३० ऑगस्ट

परसबाग, अभिनंदन! धागा वर आलाच आहे तर विचारतो. पुण्यात १९८६ च्या इमारतीत फ्लॅट आहे. बाथरूमची लाकडी चौकट खालून गेलीय, पण टाइल्स तीन वर्षांपूर्वीच बदलल्यात, फोडायच्या नाहीत. काही उपाय?

---

ओळंबा | ३० ऑगस्ट

आधी टोचून बघा, कुजणं किती वर गेलंय. अर्ध्या फुटाच्या आत असेल तर आडवं कापून खाली ग्रॅनाइटचा ठोकळा बसवता येतो, टाइलला धक्का लागत नाही. सगळीच गेली असेल तर मल्टिकटरने चौकट मधोमध कापून तुकड्यांनी आत ओढून काढायची. पहार लावायची नाही. टाइलची कड सुटते ती पहारीने. होल्डफास्ट भिंतीतच कापून सोडा. मग डब्ल्यूपीसीची चौकट लांब स्क्रूने भिंतीला धरायची, फटीत फोम भरायचा आणि वरून पट्टी. आतली मोकळी रुंदी मोजून सांगा, जाड चौकट घेतलीत तर दोन इंच कमी होईल आणि वॉशिंग मशीन आत जायचं नाही.

---

दुसरामजला | ३१ ऑगस्ट

मशीन बाथरूममध्येच आहे! आज मोजून लिहितो.